पाटाला पाणी कुणी सोडलं

संपादक महाशय,

आपल्या मासिकात वाचकांचे जे अनुभव छापून येतात ते मी नेमानं वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून चिडते. टांग्यात मागे बसलेली पांढऱ्या लुगड्यातली बाई... पिंपळाखाली तंबाखू मागणारा म्हातारा... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. भुतांवर नाही, करणीवर नाही, आणि — हे वाचून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, लोकांना वाईट वाटेल — चमत्कारांवरही नाही. मी ख्रिस्ती आहे, त्यातून उपदेशकाची बायको आहे. घरात दोन वेळा प्रार्थना होते, जेवायच्या आधी होते, प्रवासाला निघताना होते. तरी नाही. धुळ्याला मिशनच्या बोर्डिंगात शिकले, गणितात मला कोणी हरवत नव्हतं, आणि उत्तर आलं की ते कसं आलं हे पाटीवर दिसलं पाहिजे अशी मला सवय लागली. एक उत्तर मात्र असं आलंय की ते कसं आलं हे मला आजतागायत दाखवता येत नाही. लिहिताना राग येतोय, तेव्हा भाषा थोडी तिखट झाली तर सांभाळून घ्या.

ही गोष्ट लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. धुळ्याहून साक्रीच्या रस्त्याला लागलं की पांझरेच्या काठाकाठानं गावं आहेत, त्यातल्या एका गावात आम्ही होतो. गावाचं नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहताहेत. माझे यजमान शिमोन तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर, आणि रविवारी उपदेश करायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. गावानं आम्हाला घरासाठी जागा दिली ती वेशीबाहेर, उसाच्या फडाला अगदी लागून. मोठ्या मनानं दिली असं समजू नका. तिथं साप निघायचे, म्हणून दुसरं कोणी घर बांधत नव्हतं.

फड म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून काढलेला पाट, आणि त्या पाटाच्या पाण्यावर सगळ्या गावाची शेती. जमीन वेगवेगळ्या मालकांची, पण एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. ऊस म्हणजे ऊस, नजर पोचेल तिथवर ऊस. आणि पाणी पाळीनं. कुठल्या फडाला कधी पाणी जाणार हे मालक ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. प्रत्येक फडाच्या तोंडाशी तो चिखल आणि दगड घालून पाणी अडवतो, पाळी आली की फोडतो, झाली की पुन्हा बुजवतो. पाळी नसताना कोणी तोंड फोडलं तर गाव त्याला सोडत नाही, मग तो पाटलाचा जावई का असेना. अशी शिस्त मी सरकारी कचेरीतसुद्धा पाहिलेली नाही.

आमचे पाटकरी झिपरू आबा. साठी उलटलेला, उन्हात वाळलेला माणूस. गुडघ्यापर्यंत चिखल नसलेले त्यांचे पाय मी कधी पाहिले नाहीत.

मास्तरांना या पाळीचा दृष्टांत फार आवडायचा. दर दोन-तीन रविवारी तो यायचाच. ‘झिपरू आबाकडं पाळी लागते. माझ्या बापाकडं पाळी नाही. सकाळी जा, दुपारी जा, शेतात काम करता करता हाक मार, तो तिथंच उभा आहे.’ शाळेच्या ओट्यावर टेकून झिपरू आबा हे ऐकायचे आणि हसायचे. एकदा म्हणाले, ‘मास्तर, तुमना देव भारी शे. पन त्याले सांगा, बंधारा आम्ही बांधेल शे.’ मास्तरही हसले. मी आत भाकरी थापत होते, मला हसू आलं नाही. कारण त्या बापाच्या दारात उभं राहून मी काय पाहिलं होतं ते मला ठाऊक होतं.

आधी आम्ही भडगावला होतो, गिरणेच्या काठी. तिथं आमची थोरली मुलगी गेली. तिचं नाव मार्था. गोवर आला, तो बरा झाल्यासारखा वाटला आणि मग छातीत उतरला. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, औषध दिलं, मानेनंच काय ते सांगितलं. मंडळीतल्या लोकांनी पाळ्या लावून प्रार्थना चालू ठेवली. एक उठला की दुसरा बसायचा, दिवसरात्र खंड नाही. मार्थाही करायची. ‘प्रभू, मला बरं कर, मला शाळेत जायचंय’ एवढंच म्हणायची, आणि मग खोकायची. ती भरदुपारी गेली, माझ्या मांडीवर. पलीकडच्या खोलीत प्रार्थना चालूच होती. माझ्या अंगात उठायचं त्राण नव्हतं, आणि खरं म्हणजे मला सांगायला जायचंच नव्हतं. ती गेल्यावरसुद्धा किती वेळ ते लोक तिच्या बरं होण्यासाठी मागत होते. मी ऐकत बसले होते.

त्यानंतर जो तो येऊन मला समजावायला लागला. प्रभूला ती हवी होती. त्याच्या बागेत तिला जागा होती. एका बाईनं तर माझा हात हातात घेऊन सांगितलं की माझा विश्वास थोडा कमी पडला असेल. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिला मी घराबाहेर काढलं. मास्तर मध्ये पडले नाहीत, तेवढं बरं झालं.

तेव्हापासून उपासनेला मी बसायचे, पण डोळे मिटायचे नाही. सगळे डोळे मिटून, मान खाली घालून असायचे, आणि मी भिंतीकडं बघत बसायचे. मास्तरांना ठाऊक होतं. 

भडगावहून बदली झाली आणि आम्ही पांझरेवर आलो तेव्हा धाकटी शांती नुकती पाय टाकायला लागली होती. ती साडेतीन वर्षांची असतानाचा हा प्रसंग.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. त्या दिवशी आमच्यात दुपारी बारा ते तीन उपासना असते. खानदेशातलं एप्रिलमधलं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. पाखरंसुद्धा दिसत नाहीत त्या वेळी. शाळेच्या खोलीत आम्ही चार कुटुंबं, पुरुष पुढं, बायका आणि पोरं मागं दाराशी. वारा यावा म्हणून दार उघडं ठेवलेलं. शांती माझ्याजवळ बसली होती, माझ्या पदराच्या टोकाला गाठी मारत.

मास्तरांची प्रार्थना लांब असते. एकेका माणसाचं नाव घेतात — आजारी, लांबचे, भांडून गेलेले, सगळे. त्या दिवशी नावं घेता घेता ते मार्थावर आले. तिचं नाव ते सहसा सगळ्यांसमोर घेत नाहीत. त्या दिवशी घेतलं आणि त्यांचा आवाज फाटला. मला काय झालं कोणास ठाऊक. तीन वर्षांत पहिल्यांदा मी डोळे मिटले. मनात म्हटलं, बरं, बोल, काय बोलायचंय तुला.

डोळे उघडले तेव्हा पदराच्या गाठी होत्या आणि शांती नव्हती.

आजवर मला यावर कोणी उत्तर दिलेलं नाही. आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, कबूल. आमच्यात प्रार्थना करतात ती डोळे मिटूनच. पण ज्याच्याशी बोलत होतो त्याचे तर उघडे होते ना?

सुरुवातीला वाटलं, घरी गेली असेल. घरात नाही. शेळीच्या खोपट्यात नाही, विहिरीवर नाही. विहिरीतही डोकावले. मग गावात हाक दिली. गावाबद्दल मी वर वाकडं बोलले, पण हे सांगितलं पाहिजे की ऐन झोपेच्या वेळी सगळं गाव उठून आलं. आमच्या घरचं पाणी न पिणाऱ्या बायका डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. पाटलाची आई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘रडू नको माय. बठ्ठा गाव शोधी राहिना शे.’ सगळं गाव शोधतंय, असं.

एका गुराख्यानं सांगितलं की त्यानं लहान पोर नदीच्या अंगाला जाताना पाहिलं. झालं, सगळे नदीकडं पळाले. झिपरू आबाही गेले, कारण डोहातले खड्डे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. पत्र्याचे डबे वाजवत, हाका मारत माणसं काठानं पसरली. काही जण फडाच्या नदीकडच्या बाजूनं उसात शिरले.

तो आडसाली ऊस होता, गेल्या पावसाळ्यातला, माणसाच्या डोक्यावरून उंच गेलेला. अशा उसात दोन हातांवरचं दिसत नाही. वारा आत शिरत नाही, भट्टीसारखं तापतं. पानांनी तोंड-हात कापतात. हाक मारली तर ती पुढं जातच नाही. त्या फडात रानडुकरं होती, आणि आठवड्याभरापूर्वी तिथं एक कुत्रं फाडलेलं सापडलं होतं. एवढीशी पोर तिथं गेली असली तर ती उन्हानंच... पुढचं मी स्वतःशीही बोलत नव्हते.

उन्हं कलायला लागली तरी पत्ता नाही. मी फडाच्या वरच्या तोंडाशी आले, घराकडच्या बाजूला. इकडं कोणीच नव्हतं, सगळे नदीकडं. आणि तिथं, बांधावर, मास्तर गुडघे टेकून बसलेले.

काय सांगू तुम्हाला. लोक उन्हात रक्तबंबाळ होताहेत, परक्याच्या पोरीसाठी डोहात उड्या घेताहेत, आणि बाप इथं गुडघ्यावर.

‘उठा,’ मी म्हटलं. ‘उठा आधी. शोधायला चला.’

त्यांनी वर पाहिलं. चेहरा पांढराफटक. ‘सारा,’ म्हणाले, ‘पाय उचलत नाहीत गं माझे.’

मला ते ऐकू आलं, पण समजलं नाही. मला फक्त टेकलेले गुडघे दिसत होते. भडगावची ती पलीकडची खोली दिसत होती. मी त्यांच्यावर हात टाकणार होते. टाकला नाही. तोंड वर केलं आणि ज्याच्यावर टाकायचा त्याच्यावर टाकला.

काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. लाज वाटत नाही.

‘तू असतोस म्हणे. केव्हाही असतोस म्हणे, पाळी लागत नाही म्हणे तुझ्याकडं. मग आता कुठं आहेस? एकीच्या वेळी आम्ही सगळे तुझ्या दारात बसलो होतो, तू दार उघडलं नाहीस. मी गप्प बसले. आता ही. आणि तीसुद्धा तुझ्याशी बोलत असताना नेलीस. चोर आहेस तू. तुला तिला घरी आणता येत नसेल तर नको आणू. पण ती तहानली असेल. एवढंसं पोर, या उन्हात. तिला पाणी दे. मला तुझ्याकडून दुसरं काही नको, कधीच काही मागणार नाही. तिला पाणी पाज.’

एवढं बोलले. मी तिथंच मटकन बसले, कोरड्या पाटात पाय सोडून. हा फडातला पाट, मुख्य पाटातून तोंड फोडलं की यात पाणी येतं. त्या फडाची पाळी काही दिवसांपूर्वीच झालेली होती, पुढची यायला बराच अवकाश होता. तळाची माती भेगाळलेली. माझ्या पायाखाली ती माती गरम लागत होती, हे मला स्पष्ट आठवतंय.

आणि मग ती गार लागली.

मी खाली पाहिलं. ओल सरकत येत होती. आधी नुसती काळी रेघ, मग तिच्या मागून पाणी. तोंडाशी फेस, काड्या, पाचटाचे तुकडे, वर तरंगणाऱ्या मुंग्या... पाटाला नव्यानं पाणी सोडलं की ते असंच पुढं येतं, खेड्यात राहिलेल्या कोणालाही विचारा. आवाजसुद्धा तोच, भेगांमध्ये शिरताना होतो तो. मला वाटलं, कोणीतरी तोंड फोडलं. मास्तरांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते, हात मोकळे, कोरडे.

पाणी माझ्या पायांवरून पुढं गेलं. मी उठून त्याच्याबरोबर चालायला लागले. का, ते विचारू नका. शोधायला जावं असं काही मनात आलं नव्हतं. पाणी चाललं होतं म्हणून मी चालले.

आता नीट वाचा, कारण माझं डोकं इथंच अडतं. पाटातलं पाणी सऱ्यांमध्ये शिरतं ते ओळीनं — ही भरली की ती, ती भरली की पुढची. हे पाणी तसं गेलं नाही. कितीतरी सऱ्या उघड्या तोंडानं कोरड्या राहिल्या आणि ते सरळ पुढं जाऊन एकाच सरीत वळलं. तिथं त्याला अडवायला काही नव्हतं, वळवायलाही काही नव्हतं. त्याच्यामागून मी आत शिरले, अर्धी वाट वाकून, अर्धी रांगत. पानांनी तोंड सोलून निघालं.

शांती आत होती, खूप आत. सरीत पालथी पडलेली. मी पोचले तेव्हा पाणी तिच्या पुढं टाकलेल्या हाताशी येऊन थांबलेलं होतं. थांबलेलं म्हणजे पुढं जमीन उताराचीच होती, तरी पुढं गेलेलं नव्हतं. तिचा फ्रॉक पुढून सगळा भिजला होता. ओठ काळे पडले होते, त्यांना चिखल लागला होता, आणि ती तो चिखल चोखत होती. मी तिला उताणी केली, ओंजळीनं पाणी पाजलं, डोक्यावर घातलं. तिनं डोळे उघडले आणि ओळखलं मला.

मी ओरडले असेन, कारण मास्तर धडपडत आत आले. बाहेर आणताना पलीकडून कोणीतरी ऐकलं, आणि ‘पोर सापडनी’ अशी हाक नदीपर्यंत गेली.

त्या दिवशी सगळ्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी बैठक बसली.

पाळी नसताना पाणी गेलं होतं ना. पोर वाचली ते ठीक, पण गावाच्या लेखी गुन्हा तो गुन्हाच. फडाच्या तोंडापाशी त्या वेळी मास्तर आणि मी, दुसरं कोणी नाही. आणि आम्ही नाही तर मग झिपरू आबा, कारण तोंड त्यांच्या ताब्यात. पाटकऱ्यानंच पाळी मोडली असं ठरलं असतं तर त्या म्हातारपणी त्यांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ते हात जोडून उभे होते. ‘पांझरा मायनी आन,’ म्हणाले, ‘मी पानी सोडं नही. मी नदीवर व्हतू, बठ्ठासनी देखं. चला, तोंड देखा. मना हातना पंजा शे तठे.’

सगळी बैठक उठून तोंडापाशी गेली. मीही गेले, शांतीला कडेवर घेऊन. झिपरू आबा तोंड बुजवल्यावर ओल्या चिखलावर पंजा दाबायचे, ही त्यांची नेहमीची खूण. पंजा जसाच्या तसा होता. चिखल वाळून कडक झालेला. वरच्या अंगाला मुख्य पाटाचं पाणी, खालच्या अंगाला कोरडी भिंत, आणि भिंतीपासून चार हातांवर पाटाचा तळ ओला. मधला तुकडा कोरडा. पाणी भिंतीतून आलं नव्हतं, वरून आलं नव्हतं. मग कुठून आलं?

उंदराचं बीळ असेल, एक जण म्हणाला. खेकड्याचं असेल, दुसरा म्हणाला. पुढं कितीतरी दिवस झिपरू आबा ते बीळ शोधत होते, पहारीनं खणून खणून. त्यांना ते सापडायला हवं होतं हो, त्यांची अब्रू त्यात होती. सापडलं नाही. धुळ्याहून पाटबंधारे खात्याचे एक ओव्हरसियर आले होते, तेही म्हणाले की झिरपलं असेल. मी म्हटलं, झिरपलेल्या पाण्याला फेस येतो का? ते म्हणाले, बाई, तुम्ही घाबरलेल्या होता.

बैठकीत पाटलांनी मास्तरांना सरळ विचारलं, ‘मास्तर, तुम्ही खोटं बोलत नाही. पाणी तुम्ही आणलं?’ मास्तर म्हणाले, ‘नाही.’ ‘मग देवाजवळ मागितलं होतं?’ मास्तर काही बोलेनात. तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, ‘मी मागितलं. शिव्या देऊन मागितलं. कोणी दिलं ते मला ठाऊक नाही. शिक्षा करायची असेल तर मला करा, आबांना नको.’ पाटलांच्या आईनं तेवढ्यात पोर माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, उठा आता, पुरे झालं. बैठक मोडली. आबांचं काम सुटलं नाही.

घरी आल्यावर मी मास्तरांना विचारलं, गप्प का बसलात? देवाजवळ मागितलं नव्हतं का तुम्ही? त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, ‘गुडघे टेकले, पण एक शब्द आला नाही. मार्था गेल्यापासून स्वतःसाठी मला एक शब्द येत नाही. दुसऱ्यांसाठी येतात.’ इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला काही झालंच नाही. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा मार्थासाठी एकत्र रडलो.

ही बातमी धुळ्याला पोचायला वेळ लागला नाही. पाद्रीसाहेब मोटार घेऊन आले. शांतीला तीन-तीनदा विचारून झालं — बाळ, तुला कोणी दिसलं का? पांढऱ्या कपड्यातलं? हात धरला का कोणी? ती म्हणाली, पाणी आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. नाही हो, कोणी दिसलं नाही तिला. तुमच्याही वाचकांची निराशा होणार असेल तर माझा इलाज नाही.

मग पाद्रीसाहेब म्हणाले, साराबाई, धुळ्याच्या वार्षिक मेळाव्यात तुम्ही साक्ष द्या. तो प्रार्थना ऐकतो, सदैव ऐकतो, हे लोकांना कळलं पाहिजे. मी म्हटलं, देते.

मांडवात खानदेशातल्या सगळ्या मंडळ्या जमल्या होत्या. जळगावचे होते, भडगावचेही होते, ती पलीकडच्या खोलीतली माणसं पुढच्या रांगेत बसली होती. मी पाण्याची गोष्ट सांगितली. लोक डोळे टिपत होते, हालेलुया म्हणत होते. मग मी म्हटलं, ‘आता दुसरी साक्ष,’ आणि मार्थाची गोष्ट सांगितली. किती जणांनी मागितलं ते सांगितलं. तिनं स्वतः काय मागितलं ते सांगितलं. ती गेल्यावर पलीकडं काय चालू होतं तेही सांगितलं. 

पाद्रीसाहेब उठून उभे राहिले, हळूच म्हणाले, ‘बाई, मार्थाविषयी आपण त्याच्या इच्छेपुढे नम्र व्हावे.’

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘पाणी आलं ती त्याची इच्छा आणि मार्था गेली तीही त्याचीच इच्छा, तर एकच का सांगायची? तो सदैव असतो ना? मग भडगावलाही होता. तेव्हा काय करत होता, हे मला कोणीतरी सांगा. मी ऐकायला तयार आहे.’

 गीत सुरू झालं.

आज शांती चांगली मोठी झालीय, शाळेत जाते, उलट उत्तरं देते. मास्तरांच्या उपदेशात पाळीचा दृष्टांत पुन्हा आलेला नाही. मी त्या दिवशी शब्द दिला होता की पुन्हा कधी काही मागणार नाही. तो मी पाळलाय. पण बोलते मात्र रोज. दळताना, धुणं धुताना, वाटेनं जाताना. भांडते म्हणा. मास्तर म्हणतात, हीच प्रार्थना. मी म्हणते, तुम्ही काहीही म्हणा. ते पाणी कुठून आलं हे मला अजून कळलेलं नाही, आणि ज्या दिवशी यायला हवं होतं त्या दिवशी का आलं नाही हे तर त्याहून कळलेलं नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर कळवावं. फक्त ‘त्याची इच्छा’ असं लिहिण्यात शाई घालवू नये.

हे सगळं आत्ताच लिहायला का बसले तेही सांगते. मिशनच्या एका मासिकाचा जुना अंक परवा कोणीतरी आणून दिला. त्यात आमची गोष्ट छापलेली आहे. विश्वासू मातेनं गुडघे टेकून शांतपणे प्रार्थना केली आणि तत्काळ उत्तर मिळालं, असं लिहिलंय. मी उभी होते. त्याला चोर म्हणत होते. आणि ती गोष्ट शांती घरी येते तिथं संपते, मार्थाचं त्यात नावसुद्धा नाही. जसं काही आम्हाला एकच मुलगी होती.

तर संपादक महाशय, छापायचं असेल तर दोघींचं छापा. जागा कमी पडत असेल तर पाण्याचं कापा. मार्था पाच वर्षांची होती. तिला शाळेत जायचं होतं. तिनंही हाक मारली होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या शब्दांत.